गाडीच्या नाकाचा रेनकोट

प्रिय मेहुणे खलाशीबुवा यांस,

भावोजींचे पोतंभर आशीर्वाद. (तू खलाशी नाहीस, जहाजाच्या इंजिनखोलीत काम करतोस, हे तू मला अनेकदा सांगितलं आहेस. पण घरात सगळे तुला खलाशीबुवाच म्हणतात आणि या वयात मला आता नवीन नाव पाठ होणार नाही.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुझं कसं काय चाललंय? पोटाची तक्रार थांबली का, की तुमच्या जहाजावर अजून तोच आचारी आहे? तुझ्या आईची तब्येत ठणठणीत आहे. नवी कवळी बसल्यापासून त्या खारे शेंगदाणे खातात आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असे खातात. तुझी ताई बरी आहे. मी बरा आहे. दुकान बरं आहे. तुझी गाडी बरी आहे.

शेवटचं वाक्य वाचून खुर्चीतून उठला असशील तर बस खाली. गाडी बरी आहे म्हणजे खरोखरच बरी आहे. फोनवर तू दर वेळी विचारतोस आणि मी ‘बरी आहे’ एवढंच म्हणतो, म्हणून तुला शंका आली असणार हे मला कळतं. पण फोनवर बोलायचं म्हणजे तुझी ताई शेजारी उभी. मी एक वाक्य बोललो की ती मागून तीन दुरुस्त्या सुचवते, आणि त्या दुरुस्त्या ऐकण्यात तुमच्या जहाजाची रेंज जाते. म्हणून सविस्तर पत्रच लिहायला घेतलं. तुमच्या कंपनीच्या ऑफिसात दिलं की पुढच्या बंदरावर तुला मिळतं, असं तूच म्हणाला होतास. शांतपणे वाच. मध्ये एकदोन जागी श्वास अडकेल, पण शेवट गोड आहे.

तर मुळापासून सांगतो. कंपनीने तुझ्या गाडीला हवा घेण्यासाठी एक काळा डबा दिला होता. बॉनेटखाली, उंचावर, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. तो तू काढलास आणि त्याच्या जागी चकचकीत पाइप बसवून त्याचं टोक थेट पुढच्या बंपरमागे, रस्त्यापासून वीतभर उंचीवर नेऊन ठेवलंस, आणि त्या टोकाला तो शंकूसारखा फिल्टर लावलास. कारण काय, तर तिथे थंड हवा मिळते आणि गाडी पळते. पळते, हे मी नाकारत नाही. आवाजही झकास करते. (समोरच्या इमारतीतल्या बाईंनी त्याबद्दल जे उद्गार काढले ते इथे लिहीत नाही, कारण पत्र तुझ्या आईच्या हाती पडू शकतं.) पण सरळ सांगायचं तर गाडीचं चांगलं वर असलेलं नाक तू उतरवून तिच्या गुडघ्याजवळ बसवलंस, आणि मग पाऊस तोंडावर आल्यावर नाकात पाणी जाईल म्हणून तूच घाबरलास.

जायच्या दिवशी तू मला गाडीभोवती फिरवून सूचना दिल्यास. आठवड्यातून दोनदा तरी चालवा. रस्त्यात पाणी साचलेलं दिसलं की थांबा, आत घालू नका. चुकून पाण्यात बंद पडलीच, तर चावी पुन्हा फिरवू नका, कारण फिल्टरने पाणी ओढलं की ते इंजिनच्या पोटात जातं, आतले दांडे वाकतात आणि इंजिन कामातून जातं. इथपर्यंत मी निमूटपणे मान हलवत होतो. पण मग तू म्हणालास, की फिल्टरवर घालायला पाणी अडवणारं कापडी कव्हर मिळतं, ते मी मागवलं होतं पण वेळेत आलं नाही.

आता तूच सांग, ज्या माणसाच्या आजोबांनी छत्र्या शिवल्या, वडिलांनी रेनकोट शिवले, आणि जो स्वतः मिसरूड फुटायच्या आधीपासून पाणी आणि माणूस यांच्या मध्ये कापड धरून बसला आहे, त्याच्या तोंडावर त्याचा सख्खा मेहुणा म्हणतो की कव्हर मागवलं होतं. मागवलं होतं! माझं डोकंच फिरलं. त्या भरात मी जे बोललो ते तुला आठवत असेलच. मी म्हणालो, “या गाडीच्या नाकात पाण्याचा एक थेंब जरी गेला, तर मी दुकानाला कायमचं कुलूप लावीन.”

तुझी ताई तुझ्या बॅगेत मोजे कोंबत होती. तिचे हात थांबले. वर न बघता ती तुझ्या आईला म्हणाली, “आई, ऐकलंस ना?” तुझ्या आईने एरवी ऐकू येत नाही असं सांगून अर्धी कामं टाळलेली आहेत, पण हे त्यांना स्वच्छ ऐकू आलं.

तुला ताईचं म्हणणं माहीत आहेच. हल्ली रेनकोट शिवून कोण घेतो? सगळे तयार घेतात, एका हंगामात फाडतात आणि दुसरा घेतात. छत्री दुरुस्त करायला कुणी आलं तर मला इतका आनंद होतो की मी त्यांना चहा पाजतो. तुझी ताई गेली काही वर्षं सारखी म्हणते आहे, दुकान बंद करा, शेजारच्या मोबाइलच्या कव्हरवाल्याला देऊन टाका, त्याला जागा हवीच आहे. हा कव्हरवाला माणूस वाईट नाही. पण माझ्याशी गप्पा मारायला येतो आणि बोलता बोलता मधल्या भिंतीवर बोटांनी टकटक करून बघतो, ते मला अजिबात आवडत नाही. मी आजवर विषय टोलवत आलो. आता मात्र मीच माझ्या तोंडाने शपथ घेऊन बसलो आणि साक्षीला सासूबाई.

तुझं जहाज हललं त्याच दिवशी मी कामाला लागलो. चटई घेऊन गाडीखाली शिरलो आणि फिल्टरची मापं घेतली. (तुझी ताई म्हणते मी शिट्टी वाजवत होतो. मला आठवत नाही.) आपल्या धंद्याची एक शिस्त आहे, गिऱ्हाईक कोण आहे हे बघायचं नाही, मापं सगळी घ्यायची. त्याप्रमाणे छाती घेतली, कंबर घेतली, उंची घेतली. खांदा नव्हता, तो सोडला. सगळ्या मापांत अंगाबरोबर न शिवता थोडं सैल ठेवलं, कारण वाढत्या अंगाचं सैलच शिवायचं असा वडिलांचा दंडक होता. फिल्टर वाढत नाही हे मला शिवून झाल्यावर सुचलं. पण सैल कपड्याने कुणाचं वाईट झालेलं नाही. कापड घेतलं ते दुकानातलं सर्वांत भारी, आतून रबराचा लेप दिलेलं, जे मी पूर्वी फक्त बंबवाल्यांच्या कोटांना वापरत असे. शिवण दुहेरी, वरून पट्टी, पट्टीवर चिकट लेप. तोंडाशी इलास्टिक आणि शिवाय ओढून बांधायची नाडी. आणि आतल्या बाजूला एक छोटा खिसा.

खिसा कशाला, असं तू विचारशील. तुझ्या ताईनेही विचारलं. अरे, रेनकोटला आतला खिसा असतोच. शाळेच्या मुलांच्या रेनकोटात आम्ही त्यात नावाची चिठ्ठी घालून देतो, म्हणजे हरवला तर परत येतो. मी तुझं नाव आणि आपला पत्ता लिहून चिठ्ठी घातली. झालेल्या कामात काही उणं राहू नये एवढंच माझं म्हणणं.

मग परीक्षा. आमच्या दुकानाची परीक्षा तुला ठाऊक नसेल. शिवलेला माल उलटा करून छताच्या आकड्याला टांगायचा, काठोकाठ पाणी भरायचं आणि खाली वर्तमानपत्र पसरून ठेवायचं. संध्याकाळी टांगला, सकाळी कागद कोरडा ठणठणीत असला तर माल पास. सकाळी जाऊन बघतो तर कागद असा कोरडा, की मी तो उचलून तिथल्या तिथे वाचून काढला. शेजारच्या कव्हरवाल्याला मुद्दाम बोलावून दाखवला. तो बिचारा भिंतीला हात लावून निघून गेला. त्या दिवशी माझी छाती किती फुगली होती हे तुला काय सांगू. कव्हर गाडीला घातलं, नाडी करकचून आवळली आणि तुझ्या आईला म्हणालो, चला, दाताच्या डॉक्टरांकडे, कवळीचं माप द्यायला, आज गाडीने.

आकाश निळंशार. पावसाचं नावनिशाण नाही. मागे तुझी आई, शेजारी तुझी ताई, मी सुकाणूवर. गाडी सुरू झाली. गल्लीत हळूहळू नीट चालली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी जरा जोरात दाबलं, तर ती पुढे जायच्या ऐवजी मागे खेचल्यासारखी झाली. आणखी दाबलं तर खोकली. आणखी दाबलं तर मागून काळा धूर निघाला आणि भर चौकात तिने मान टाकली. तुझी सूचना मला तोंडपाठ होती, चावी पुन्हा फिरवायची नाही. मी चावी काढून खिशात घातली आणि हात मांडीवर ठेवून बसलो. मागच्या गाड्यांनी जो कालवा केला तो मला ऐकू येत नव्हता. मला फक्त दुकानाचं कुलूप दिसत होतं, पितळी, मोठं.

तुझी ताई वर आकाशाकडे बघून म्हणाली की पाणी आलं कुठून? मलाही तोच प्रश्न होता. पण गाडीच्या नाकाशी काहीतरी बिघडलं आहे आणि ते नाक माझ्या हवाली होतं, हे दोघांनाही कळत होतं. मागून तुझी आई म्हणाली, “हिला गुदमरल्यासारखं होतंय.” त्यांच्या बोलण्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही. (तुझ्या लहानपणी तुला मफलर, त्यावर कानटोपी आणि त्यावर शाल असं बांधून त्या फिरवत, आणि तू निळा पडलास की मग सोडत. म्हणजे या विषयातल्या त्या अनुभवी. पण हे नंतर सुचलं.)

गाडी ढकलत तुझ्या त्या मेकॅनिककडे नेली, ज्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो बॉनेटला कान लावून डोळे मिटतो. ढकलायला चौकातली चार माणसं आली. तुझी आई काही उतरली नाही, आत बसून त्या उजवीकडे-डावीकडे सांगत होत्या. डॉक्टरने कान लावला, डोळे मिटले आणि पेट्रोलचा पंप गेला असं निदान केलं. पंप उघडला, तो धडधाकट निघाला. मग प्लग काढले, ते काळेकुट्ट होते, ते पुसले. मग आणखी काही काढलं, पुसलं, घातलं. प्रत्येक वेळी गाडी सुरू होई आणि जोरात दाबलं की पुन्हा गप्प. तुझी आई गाडीत बसून दर थोड्या वेळाने तेच म्हणत होती, की हिला गुदमरतंय. शेवटी डॉक्टर वैतागून गाडीखाली शिरला आणि आतून त्याचा आवाज आला.

“हे काय बांधलंय?”

“रेनकोट,” मी म्हणालो.

“कुणाचा?”

“गाडीचा.”

मग तो कव्हर हातात घेऊन बाहेर आला, ते त्याने उलटंसुलटं केलं, खिशातली चिठ्ठी काढून वाचली आणि एका जुन्या टायरवर बसून इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी पाणी दिसलं ते तेवढंच. मी त्याला विचारलं, आत ओलं आहे का? तो म्हणाला ओलं कसलं काका, आत वाळवंट आहे, थेंब सोडा, हवासुद्धा गेलेली नाही. गाडी हळू चालली तोवर नाडीच्या फटीतून तिला जेमतेम हवा मिळत होती. जोरात दाबलं की ती जोरात श्वास ओढणार, आणि ओढला की कव्हर फिल्टरला गच्च चिकटणार. मी जितकं दाबत होतो तितका मीच तिचा गळा आवळत होतो.

तुझ्या आईने काचेतून एवढंच विचारलं, की आता तरी दाताच्या डॉक्टरांकडे जायचं का?

आता तुझ्या ताईचं म्हणणं, की फजिती ती फजिती. माझं म्हणणं वेगळं होतं. शपथ पाण्याबद्दल होती. हवेबद्दल मी एक अक्षर बोललो नव्हतो. पाण्यापुरतं बघायचं तर माझं काम अव्वल ठरलं होतं, खुद्द डॉक्टर ‘वाळवंट’ म्हणाला होता. हे मी तिला घरी जाईपर्यंत तीनचार वेळा समजावून सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे, म्हणून मी गप्प बसलो. बघतो तर हसत होती. खरं सांगतो खलाशीबुवा, तिला असं खांदे हलवून हसताना बघून मला इतकं बरं वाटलं की मी पुढचं वळण चुकलो.

पण काम अर्धवट टाकणं माझ्या रक्तात नाही. पाणी अडलं पाहिजे आणि हवा गेली पाहिजे, असं कापड हवं. विचार करकरून डोकं शिणलं, आणि मग माळ्यावरचा आजोबांच्या वेळचा तागा आठवला. जुन्या छत्र्यांचं काळं सुती कापड, घट्ट विणीचं, लेपबिप काही नाही. त्यावर पडलेलं पाणी घरंगळून जातं, आणि तोंडावर धरलं तर त्यातून श्वास घेता येतो. श्वास घेता येतो हे मी अनुभवाने सांगतो. नवं कव्हर शिवून मी ते स्वतःच्या डोक्यावरून घातलं, हनुवटीखाली नाडी बांधली आणि दुकानात येरझाऱ्या घालून बघितल्या. त्याच वेळी एक बाई छत्रीची काडी बसवून घ्यायला आल्या. त्या छत्री टाकून पळाल्या आणि त्यांच्या ओरडण्याने शेजारचा कव्हरवाला लाटणं घेऊन धावून आला. (मोबाइलच्या दुकानात लाटणं का असतं हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.) त्याला वाटलं दरोडा. मी आतून सांगतोय की मी आहे, मी आहे, पण छत्रीच्या कापडातून हवा जाते तितका आवाज जात नाही. नाडी सोडायला तुझ्या ताईला बोलवावं लागलं.

पाण्याची परीक्षाही माझ्याच डोक्यावर झाली. हे कापड भरून टांगता येत नाही, कारण ते पाणी धरून ठेवायचं नाही, अंगावरून जाऊ द्यायचं आहे. म्हणून मी कव्हर डोक्याला घालून मोरीत बसलो आणि तुझ्या ताईने तांब्याने पाणी ओतलं. तिने हे काम फारच मन लावून केलं. एक तांब्या पुरे होता, तिने बादली संपवली. पण डोकं कोरडं राहिलं आणि श्वास चालू राहिला. खिसा या कव्हरलाही आहे, चिठ्ठीही आहे. डॉक्टरने खालून एक पत्र्याची ढाल मारून दिली, म्हणजे चाकांनी उडवलेलं पाणी सरळ फिल्टरवर येणार नाही, आणि म्हणाला, काका, तरीही पाण्यात घालू नका.

पाण्यात मी घातली नाहीच. शप्पथ. झालं असं की कवळी तयार झाली त्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. जाताना काही झालं नाही. येताना, रेल्वेच्या पुलाखाली रस्ता खोलगट आहे तिथे हे एवढं पाणी. मी काठावर थांबलो. तुझ्या सूचनेबरहुकूम थांबलो. मागचे भोंगे वाजवत होते, मी ढिम्म हललो नाही. तुझी ताई म्हणाली, बरोबर, मागे घ्या. मी मागे घ्यायला मान वळवली तेवढ्यात समोरून एक बस आली, तिने वेग जराही कमी केला नाही, आणि तिच्यापुढे उठलेली लाट येऊन आपल्या गाडीच्या तोंडावर फुटली. काचेतून रस्ता दिसेना. तुझी आई नव्या कवळीतून जे बोलली ते मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. गाडीने एक मोठी शिंक दिली.

त्या शिंकेनंतरचा क्षण मी विसरणार नाही. माझा हात चावीवर होता आणि मी मनात म्हणत होतो, बाई गं, श्वास घे. तिने घेतला. एकदा घोगरी वाजली आणि मग आपल्या नेहमीच्या आवाजात गुरगुरायला लागली. मी मागे घेतली, वळवली, लांबच्या रस्त्याने घरी आणली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे कव्हर काढायचं होतं. निकाल तिथेच लागणार होता. बातमी लागल्यामुळे शेजारचा कव्हरवालाही दुकान उघडं टाकून आला होता. मी चटई पसरतोय तोवर तुझी ताई म्हणाली, तुमची कंबर धरलेली आहे, मी बघते. मी नको म्हटलं तरी स्वतः खाली शिरली. मला म्हणाली दिसत नाही नीट, गाडीच्या डिकीतून टॉर्च आणा. मी आणला तोवर ती बाहेर येऊन उभी होती, केसांना धूळ, हातात कव्हर. “कोरडं आहे,” ती म्हणाली. “दुकान तुमचं राहिलं.” डॉक्टरला का कोण जाणे त्याच वेळी खोकल्याची जोरदार उबळ आली आणि तो पाठ वळवून उभा राहिला.

खलाशीबुवा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे तुझ्यापासून लपवत नाही. मी कव्हर हातात घेतलं, आत हात फिरवला. किंचित दमट लागलं, पण तो गाडीचा श्वास असणार. आणि तुझ्या ताईचंही मन भरून आलं असलं पाहिजे. घरी गेल्यावर मी तिचा हातरुमाल दोरीवर वाळत घातलेला पाहिला. धुतलेला, तरी त्यावर काळे डाग राहिले होते. डोळे पुसताना काजळ पसरलं असणार. तोंडाने दुकान बंद करा म्हणते, पण आतून किती जीव आहे बघ. मी काही बोललो नाही. संसारात काही गोष्टी न बोलता समजून घ्यायच्या असतात.

तुझ्या आईचे आशीर्वाद. पत्र लिहिताना शेंगदाण्यांचा आवाज येतोच आहे. तब्येतीला जप, त्या आचाऱ्याशी भांडू नकोस, आणि गाडीचा विचार करून झोप घालवू नकोस.

तुझा,
भावोजी

ता. क. दुकानावर नवी पाटी लावली आहे, ‘गाडीच्या फिल्टरचे रेनकोट मापाने शिवून मिळतील’. डॉक्टरने तुझ्यासारखीच नाकं खाली उतरवलेली गिऱ्हाइकं पाठवायला सुरुवात केली आहे. कालच एक जण येऊन गेला, त्याला मी चहा पाजायचा विसरलो, इतका कामात होतो. शेजारचा कव्हरवाला आता भिंतीवर टकटक करत नाही. तोही कव्हरवाला, मीही कव्हरवाला, म्हणून आम्ही एकत्र डबा खातो. एकच कुरबुर आहे. तुझी ताई म्हणते, पुढच्या मालाला आतला खिसा लावायचा नाही. कारण विचारलं तर सांगत नाही, खिसा चांगला दिसत नाही एवढंच म्हणते. तिचं मन राखायला मी तो बंद केला आहे, पण माझ्या जिवाला लागलं.

ता. क. आणखी एक. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं, फोनवर बोलता आलं नसतं. तू तुझ्या ताईला चार ओळी लिही, की भावोजींची शपथ पूर्ण झाली, आता तो विषय मिटला. त्या दिवसापासून ती दुकान बंद करण्याबद्दल एक शब्दही बोललेली नाही आणि तिच्या या गप्प बसण्याची मला धास्ती वाटते. तुझा शब्द ती मोडणार नाही. मी सांगितलं असं मात्र लिहू नकोस. पत्र पाकिटात घालायला तिच्याकडेच देतो आहे, पण काळजी नको, दुसऱ्यांची पत्रं ती वाचत नाही.

ता. क. (ही मी, ताई.) दुसऱ्यांची पत्रं मी वाचत नाही हे खरं आहे, पण पाकीट देताना यांचं तोंड असं झालं होतं की वाचावंच लागलं. सगळं जसं घडलं तसं लिहिलं आहे. बस आली तेव्हा आई काय म्हणाली ते गाळलं, तेही बरं केलं. फक्त कोरडं नव्हतं रे. कव्हरच्या तळाशी चमचाभर पाणी होतं आणि फिल्टरचं टोक ओलं झालं होतं. यांनी हौसेने लावलेल्या त्या खिशाच्या शिवणीतून ते आत आलं. चिठ्ठीवरचं तुझं नाव पार वाहून गेलं होतं. वर पाइपात काही गेलं नाही, हे मेकॅनिकने बोट घालून बघितलं, म्हणून इंजिनची काळजी करू नकोस. मी यांना टॉर्च आणायला पाठवलं आणि तेवढ्यात पाणी टिपून घेतलं. मेकॅनिकला म्हटलं, हसायचं असेल तर खोकून हस.

दुकान बंद करा असं मी म्हणायचे, कारण गुडघ्यांवर हात ठेवून रस्त्याकडे बघत बसलेले हे मला बघवत नव्हते. ते टेप घेऊन तुझ्या गाडीखाली शिरले त्या दिवशी किती वर्षांनी यांची शिट्टी ऐकली. आता रोज सकाळी शिट्टी वाजवतच शटर उघडतात. चमचाभर पाण्यासाठी मी ती बंद करू? तेव्हा यांनी सांगितलंय तसंच लिही, अगदी त्याच शब्दांत लिही, मी वाचून मान्य केल्यासारखं करीन. आणि परत आलास की सगळ्यांत आधी तो जुना काळा डबा गाडीला बसव. आईच्या पलंगाखाली जपून ठेवला आहे.

रुमालावरचे डाग तुझ्या गाडीच्या वंगणाचे आहेत. काजळ मी उभ्या आयुष्यात कधी लावलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी यांच्या ते लक्षात आलेलं नाही. आता येऊही नये.